एकदा नीट तपासा, मग पहारा उठवा

प्रश्न : माझं वय ३६. गेल्या वर्षी जुलाब-उलट्यांनी आठवडाभर झोपून होते. ते बरं झालं, पण पोट पूर्वीसारखं झालंच नाही. सकाळी घराबाहेर पडण्याआधी तीन-चार वेळा जावं लागतं, तरी साफ झाल्यासारखं वाटत नाही. मग दोन दिवस काहीच नाही आणि झालं तर खड्यासारखं. दुपारनंतर पोट फुगतं. मधूनच कळ येते, जाऊन आलं की कमी होते. कधी पांढरट चिकट पडतं. काकांना ७१व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. दर वेळी वळून बघते, फोनमध्ये फोटो काढून ठेवते, रात्री नेटवर लक्षणं शोधत बसते. आधी दूध सोडलं, मग गहू, मग कांदा-लसूण, मग डाळी. चार किलो वजन उतरलं. गहू सोडल्यावर रक्ताच्या तपासण्या केल्या, त्यात गव्हाचीही होती, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. नवरा म्हणतो, सगळं तुझ्या डोक्यात आहे. मी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून घेऊ का? मला खरंच काही झालंय, की मला वेड लागत चाललंय?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं जरा शांतपणे वाचाल. तुम्हाला वेड लागलेलं नाही. आणि तुम्हाला काहीतरी झालंय, हेही खरं आहे. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आजार नाही असं होत नाही. ज्या तपासण्या केल्या त्यांत दिसणारा आजार नाही, एवढंच त्यातून कळतं. 'टेन्शन घेऊ नका' म्हणणाऱ्या डॉक्टरांनी त्यापुढचं वाक्य सांगायला हवं होतं : मग हे आहे तरी काय, आणि त्याचं करायचं काय.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण तुमचं वर्णन वाचून पोटाच्या कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिलं नाव येईल ते इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएसचं. त्यासाठी जगभर 'रोम निकष' वापरतात. त्यांची चौथी आवृत्ती २०१६ची. गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखायला हवं, आणि त्या दुखण्यासोबत तीनपैकी दोन गोष्टी हव्यात : दुखण्याचा शौचाशी संबंध, किती वेळा होते त्यात बदल, आणि कशी होते त्यात बदल. शिवाय तक्रार सुरू होऊन सहा महिने झालेले असावेत. तुम्ही तिन्ही गोष्टी न विचारता लिहून दिल्या आहेत. तक्रारीची सुरुवातही ओळखीची आहे. पोटाच्या जंतुसंसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला असा त्रास मागे राहतो. जंतू जातात, आतड्याचं अस्तर भरून येतं, पण तिथल्या मज्जातंतूंचा हळवेपणा काही महिने, कधी काही वर्षं टिकतो.

हा हळवेपणा मोजता येतो. गुदाशयात छोटा फुगा ठेवून तो हळूहळू फुगवायचा आणि कधी दुखतं ते विचारायचं, असे प्रयोग झाले आहेत. आयबीएस असलेल्या बऱ्याच जणांना तो फुगा इतरांपेक्षा लवकर, कमी हवेतच दुखायला लागतो. कार्यक्रम तोच असतो, रेडिओचा आवाज मात्र कुणीतरी वाढवून ठेवलेला असतो. आतड्यांच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त मज्जातंतूंच्या पेशी आहेत आणि त्यांचं मेंदूशी दिवसरात्र दोन्ही बाजूंनी बोलणं चालू असतं. तेव्हा 'डोक्यात आहे' हे तुमच्या यजमानांचं म्हणणं अर्धवट बरोबर आहे. डोक्यात आहे, पोटात आहे आणि दोघांच्या मधल्या वाटेवरही आहे. त्यांना हा परिच्छेद वाचायला द्या.

आता तुम्हाला घाबरवणाऱ्या एकेका गोष्टीकडे येऊ. पांढरट चिकट जे पडतं, तो आतड्याचा शेम, म्हणजे बुळबुळीत स्राव. मोठ्या आतड्याचं अस्तर तो कायमच तयार करत असतं, मल सरकायला तो लागतोच. आयबीएसमध्ये तो डोळ्यांना दिसण्याइतका पडतो. त्यात रक्त नसेल तर त्याला एकट्याला फारसा अर्थ नाही.

सकाळच्या तीन-चार खेपांचं कारण असं. पोटात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला आपोआप जाग येते आणि ते आतलं पुढे ढकलू लागतं. सकाळी उठल्यावर आणि न्याहारीनंतर ही हालचाल सगळ्यांत जोरात असते. हे सगळ्यांचंच होतं. तुमचं आतडं ते जरा मोठ्यांदा करतं, आणि त्यात बाहेर पडायची घाई मिसळली की आणखीच. यातला एक बारकावा तुमच्या फार कामाचा आहे. खाल्लेलं अन्न शेवटापर्यंत पोचायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. म्हणजे जेवल्या जेवल्या जावं लागलं तर बाहेर पडतं ते काल-परवाचं. आत्ता ताटात जे होतं, त्याने फक्त घंटा वाजवली. तुम्ही गहू सोडला, डाळी सोडल्या, तेव्हा प्रत्येक वेळी नुकत्याच खाल्लेल्या पदार्थावर संशय घेतला असणार. बहुतेक वेळा चुकीचा आरोपी पकडला गेला.

'साफ झालं नाही' ही भावना मात्र चिवट असते. गुदाशय हळवा झाला की तो रिकामा असतानाही 'अजून आहे' असं सांगत राहतो. त्याचं ऐकून कुंथत बसलात तर तिथला भाग सुजतो आणि मग तो खरोखरच भरल्यासारखा वाटतो. म्हणून एक नियम पाळा : पाच-सात मिनिटांत झालं नाही तर उठायचं. परत लागलं तर परत जाता येतं. आत फोन न्यायचा नाही. कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या. गुदाशयाला मागून कवेत घेणारा एक स्नायू असतो, एरवी तो तिथे बाक आणून दार आवळून धरतो. उकिडवं बसल्यासारखं झालं की तो सैल पडतो, बाक सरळ होतो आणि जोर लावावा लागत नाही. औषधांआधी ही गोष्ट करून बघा. माझ्या मते ती फार कमी लोकांना सांगितली जाते.

आता काकांचं. तुमच्या पत्रात हीच खरी ठसठस आहे, म्हणून यावर जरा वेळ घालवते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये घराण्याचा इतिहास मोजताना आधी बघतात सख्खी नाती : आई, वडील, भाऊ, बहीण, मूल. त्यातही निदान कमी वयात झालं असेल तर धोका जास्त. काका हे त्यानंतरच्या फळीतलं नातं, आणि ७१ हे या आजाराचं नेहमीचं वय. तुमच्या वाट्याला येणारा वाढीव धोका थोडा आहे. पण काकांच्या आजारामुळे ज्यांनी खरोखर तपासून घ्यायला हवं ते तुमचे वडील आहेत, कारण त्यांचा तो सख्खा भाऊ. सख्ख्या नात्यात हा आजार असेल तर चाळिशीपासून, किंवा नातेवाइकाचं निदान ज्या वयात झालं त्याच्या दहा वर्षं आधीपासून, यांतलं जे आधी येईल तेव्हापासून तपासणी सुरू करावी, असं बहुतेक मार्गदर्शक सूचना सांगतात. वडिलांनी आजवर कोलोनोस्कोपी केली नसेल तर त्यांना त्यांच्या डॉक्टरांशी बोलायला लावा. त्यांच्यात काही निघालं तर तुमचं वेळापत्रक बदलेल, नाही निघालं तर तुमचंही ओझं उतरेल. आणि एकदाच, एका दुपारी, आई-वडिलांच्या दोन्ही बाजूंना आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर कुणाला, कितव्या वर्षी झाला होता ते विचारून कागदावर लिहून ठेवा. गर्भाशयाचा यासाठी की एका प्रकारच्या आनुवंशिक दोषात हे दोन्ही कॅन्सर एकाच घरात दिसतात. तो कागद डॉक्टरांना द्या आणि विषय मिटवा.

पस्तिशी-चाळिशीत हा कॅन्सर होतच नाही असं मी म्हणणार नाही. तो दुर्मीळ आहे. पण काही देशांत पन्नाशीच्या आतल्यांमध्ये त्याचं प्रमाण वाढलं आहे, आणि त्यामुळेच अमेरिकेत सर्वसामान्य तपासणी सुरू करायचं वय २०२१ साली ५० वरून ४५ वर आणलं गेलं. म्हणून वयाचा आधार घेऊन गप्प बसण्यापेक्षा धोक्याच्या खुणा बघायच्या. शौचातून रक्त. डांबरासारखा काळा, चिकट मल. रक्तात लोह किंवा हिमोग्लोबिन उतरणं. झोपेतून उठवणारे जुलाब किंवा कळा. आयबीएस सहसा रात्री झोपू देतो, हा फरक लक्षात ठेवा. आठवडे लांबलेला ताप. पोटात हाताला लागणारी गाठ. आणि प्रयत्न न करता उतरणारं वजन. यातली एकही असेल तर आयबीएसचं लेबल बाजूला ठेवून पुढची तपासणी करायची. पोट असह्य दुखतंय, फुगलंय, उलट्या होताहेत आणि वाराही सरत नाही, किंवा खूप रक्त पडून गरगरतंय, तर कुठल्याही सदराला पत्र लिहीत न बसता थेट रुग्णालयात.

रक्ताबद्दल दोन शब्द. बीट खाल्ल्यावर मल लाल दिसतो, लोहाच्या गोळ्यांनी काळा होतो. फोटो काढणाऱ्या माणसाने हे माहीत करून घेतलेलं बरं. आणि कधी ताजं लाल रक्त दिसलं तर 'मूळव्याध असेल' असं आपलं आपण ठरवून टाकायचं नाही. बहुतेक वेळा मूळव्याध किंवा भेगच असते, पण ते डॉक्टरांनी बघून म्हणायला हवं.

आता वजन. चार किलो तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. तुम्ही दूध, गहू, कांदा-लसूण आणि डाळी सोडल्या आहेत, म्हणजे ताटात उरलं काय? एवढं सोडल्यावर वजन उतरणं साहजिक आहे आणि बहुधा कारण तेच आहे. पण 'बहुधा' वर थांबू नका. हे वजन डॉक्टरांना आकड्यासकट सांगा, कधीपासून उतरलं आणि काय काय सोडलं त्या तारखांसकट. खाणं पूर्ववत करायला लागा आणि आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, वजन करा. पोटभर खाऊनही ते उतरतच राहिलं तर मी स्वतः तुम्हाला कोलोनोस्कोपीचा आग्रह करेन.

गव्हाच्या तपासणीत एक मोठी फट राहिली आहे. तुम्ही जिला 'गव्हाची' म्हणता ती बहुतेक सिलिअॅक आजाराची असणार; त्यात ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. रक्तात त्याची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, शोधतात. पण ग्लुटेन पोटात जात नसेल तर ती प्रतिपिंडं ओसरतात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. तुम्ही आधी गहू सोडलात आणि मग तपासणी केलीत. ती पुन्हा करावी लागेल, आणि त्याआधी किमान सहा आठवडे रोज, एकाहून जास्त जेवणांत, गहू खावा लागेल. हे त्रासाचं वाटेल, पण सिलिअॅक असेल तर गहू आयुष्यभर काटेकोर सोडावा लागतो आणि नसेल तर उगाच सोडायची गरज नसते. अर्धवट माहितीवर असा निर्णय घेऊ नये.

तेव्हा डॉक्टरांकडे जाऊन एवढं मागा : हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी), थायरॉइड, सहा आठवड्यांनी सिलिअॅकची तपासणी, आणि मलाच्या दोन. पहिली कॅलप्रोटेक्टिन. आतड्याला सूज आली की तिथे पांढऱ्या पेशी गोळा होतात, हे प्रथिन त्यांच्यातून मलात उतरतं. ते कमी असेल तर क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिससारखे दाहाचे आजार असण्याची शक्यता फारच कमी होते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी हा आकडा वाढू शकतो, त्या घेत असाल तर आधी सांगा. दुसरी फिट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी. घरी नमुना घ्यायचा, झालं. जाताना इतर औषधांची यादीही न्या. लोहाच्या गोळ्या बांधतात, मॅग्नेशियम असलेली अॅसिडिटीची औषधं ढिली करतात, मधुमेहाचं मेटफॉर्मिन कित्येकांना जुलाब करतं.

हे सगळं ठीक आलं, वजन सावरलं आणि धोक्याची खूण एकही नसेल, तर मी कोलोनोस्कोपी करणार नाही. नुसत्या मनःशांतीसाठी केलेल्या कोलोनोस्कोपीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्या मनःशांतीची मुदत छोटी असते. काही आठवडे हलकं वाटतं, मग एखाद्या सकाळी कळ येते आणि मन म्हणतं, 'तेव्हा काही सुटलं तर नसेल?' आतड्याला छिद्र पडण्याचा धोका हजारात एकाहूनही कमी आहे, पण शून्य नाही, आणि गरज नसताना तोही कशाला? मात्र खूण असेल तर एक दिवसही टाळू नका. झोपेचं औषध देऊन करतात. खरा वैताग असतो तो आदल्या दिवशी पोट रिकामं करणारं औषध पिण्याचा. आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा छोट्या मोडासारख्या गाठीतून, पॉलिपमधून, अनेक वर्षं घेऊन तयार होतो. त्या गाठी त्याच तपासणीत काढून टाकता येतात. हे भाग्य फार थोड्या कॅन्सरच्या बाबतीत आहे.

तपासण्यांचा मुद्दा इथे संपतो. आता पहाऱ्याचं बोलू, आणि तुमच्या बाबतीत मला हे अर्ध्याहून जास्त महत्त्वाचं वाटतं. दर वेळी वळून बघणं, फोटो, रात्रीचा शोध. प्रत्येक वेळी क्षणभर बरं वाटतं, म्हणून तर परत करावंसं वाटतं. पण बघत राहिल्यामुळे तुम्ही मेंदूला रोज सांगताय की पोटाकडून येणारा प्रत्येक निरोप धोक्याचा आहे. मग तो आणखी बारकाईने ऐकतो, आणखी निरोप सापडतात. शिवाय माणसाचा मल रोज सारखा दिसतच नाही. एक बारीक लांबट सकाळ आली की नेटवर काय वाचायला मिळतं ते मला ठाऊक आहे. आतडं आखडलं की तसं होतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर सांगा, एका दिवसाचा हिशेब करू नका.

फोटो आजच पुसून टाका. त्याऐवजी फक्त दोन आठवड्यांची एक छोटी वही करा, रोज रात्री एकदाच लिहायची. मल कसा होता ते ब्रिस्टल तक्त्यातल्या आकड्याने लिहा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला हा सात प्रकारांचा तक्ता आहे : १ म्हणजे सुटे कडक खडे, २ म्हणजे खडे जोडून झालेला गोळा, ३ आणि ४ नीट बांधलेला, ५ मऊ तुकडे, ६ पातळ लगदा, ७ नुसतं पाणी. पुढे दुखणं शून्य ते दहापैकी किती, आणि त्या दिवशी काय चाललं होतं, चार शब्दांत. बस. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, हे सगळं निरोगी माणसात मोडतं, म्हणून खेपा मोजायची गरज नाही. दोन आठवडे झाले की वही बंद, डॉक्टरांच्या हातात. तुमचा त्रास बद्धकोष्ठाकडे झुकतो की जुलाबांकडे हे त्यावरून कळेल, आणि औषध त्यावरच ठरतं. त्यानंतर वळून बघणं दिवसातून एकदाच. पहिले काही दिवस हात शिवशिवतील, मग कमी होतील. फारच जड गेलं तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

मनाच्या वाटेने पोटावर उपचार होतात, हे तर आता चाळीस वर्षांचं जुनं आहे. १९८४ साली मँचेस्टरच्या पीटर व्हॉर्वेल यांनी आयबीएसच्या ३० रुग्णांवर संमोहनोपचाराची चाचणी केली, खास आतड्यांना उद्देशून केलेल्या सूचनांची. इतर उपाय हरलेल्या त्या रुग्णांना तिचा लक्षणीय फायदा झाला. विचार आणि वागणं बदलणारे मानसोपचारही उपयोगी ठरतात. औषधांत अॅमिट्रिप्टिलिन आहे. डॉक्टरांनी ते लिहून दिलं आणि नेटवर 'नैराश्यावरचं औषध' असं वाचायला मिळालं, तर दचकू नका. इथे ते रात्री १० ते ३० मिलिग्रॅम इतक्या थोड्या मात्रेत देतात, आतड्यांच्या मज्जातंतूंसाठी. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते नकली गोळीपेक्षा सरस ठरलं. तोंड कोरडं पडतं, गुंगी येते आणि बांधतंही, म्हणून तुमची ती वही आधी हवी. कळ येते तेव्हा पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलही कित्येकांना पुरतात. त्या चावायच्या नाहीत, नाहीतर छातीत जळजळ होईल.

खाण्याचं काय? कांदा, लसूण, गहू, डाळी, दूध ही तुमची यादी मला अनोळखी नाही. यांतल्या काही साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात, वायू होतो, पाणी ओढलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने यावर आहारपद्धत बसवली, तिला 'लो फॉडमॅप' म्हणतात. पण तिचे तीन टप्पे आहेत : चार-सहा आठवडे सोडायचं, मग एकेक परत आणून बघायचं, आणि शेवटी जे बाधत नाही ते सगळं खायचं. तुम्ही नकळत पहिल्या टप्प्यात शिरलात आणि तिथेच अडकलात. तिथे कायम राहणं वाईट, आतड्यातल्या उपयोगी जंतूंचीही उपासमार होते.

म्हणून परत आणायला सुरुवात करा. पहिला गहू, तपासणीसाठी तोच हवा. तो बसला की डाळी, थोड्या, नीट शिजवलेल्या. मग दूध, दुधातली साखर तुम्हाला पचत नसेल तर ती काढलेलं दूध मिळतं, दही बहुतेकांना चालतं. गहू तपासणीपर्यंत रोज चालूच ठेवायचा; बाकीचं एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस, रोज थोडा जास्त, मग दोन-तीन दिवस विश्रांती. कांदा-लसूण शेवटी, कारण खरा आरोपी निघाला तर बहुधा तिथेच निघेल. तरी एक पळवाट आहे. बाधणारी साखर पाण्यात विरघळते, तेलात नाही. अख्खा लसूण तेलात तळून बाहेर काढून टाकला तर वास-चव मिळते आणि पोट गप्प राहतं. कोंडा मात्र वाढवू नका. 'फायबर खा' हा सल्ला ऐकून कोंडा खाणारे बरेच जण आणखी फुगतात. त्यापेक्षा इसबगोल, अगदी अर्ध्या चमच्यापासून, पेलाभर पाण्याबरोबर, आठवड्या-आठवड्याने वाढवत. खड्यासारखं आणि पातळ, दोन्हीला ते सावरतं. पहिल्या आठवड्यात गॅस वाढेल, तेवढ्यावर सोडू नका. वारा दिवसातून दहा-वीसदा सरणं हे सगळ्यांचंच आहे, लोक सांगत नाहीत एवढंच.

तुमच्या पत्राला ताजा कलमही होता : पुढच्या महिन्यात बहिणीकडे जायचंय, सहा तासांचा बसचा प्रवास, जाऊ का नको? जा. जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडची २ मिलिग्रॅमची एक गोळी निघण्याआधी तासभर घ्यायला तुमच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर ती जवळ ठेवा, पण पहिल्यांदा घरी असलेल्या एखाद्या दिवशी घेऊन बघा, प्रवासात नाही. खड्यांचे दिवस चालू असतील, ताप असेल किंवा रक्त दिसलं असेल तर ती घ्यायची नाही. निघायचं म्हणून आदल्या रात्रीपासून उपाशी राहू नका, रिकामं पोट जास्त गुरगुरतं; न्याहारी लवकर करा आणि त्यानंतर अर्धा तास घरातच हाताशी ठेवा. बस कुठे कुठे थांबते ते आधी विचारून घ्या. आणि बहिणीला आत्ताच फोन करून सांगा की या वेळी तुमच्यासाठी वेगळा स्वयंपाक करायचा नाही, फक्त लसणाच्या पाकळ्या तळून झाल्या की बाहेर काढून टाकायच्या.